मागे ट्रेलर जोडला की क्रूझ कंट्रोल चढावर का गोंधळतं, आणि त्यावर काय करायचं

बे एरियातून लॉस एंजेलिसकडे पिकअप ट्रकला ट्रॅव्हल ट्रेलर (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडून निघणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आय-5 वर सेंट्रल व्हॅलीत तासन् तास सरळ, सपाट रस्ता. क्रूझ, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी यंत्रणा, लावलेलं, पाय मोकळा, मागे मुलं झोपलेली. मग व्हॅली संपते, समोर ग्रेपव्हाइनचा घाट उभा राहतो आणि इतका वेळ गुमान चाललेला ट्रक अंगात आल्यासारखं करायला लागतो. इंजिन एकदम किंचाळतं, गिअर पडतो, गाडी झेपावते, पुन्हा गिअर चढतो, वेग ढेपाळतो, पुन्हा किंचाळी. ट्रान्समिशनचं तापमान वर सरकत राहतं. एरवी ट्रेलर नसताना हाच ट्रक हाच घाट गुपचूप चढून जातो, म्हणून माणूस आणखीच बुचकळ्यात पडतो.

बहुतेक वेळा ट्रक बिघडलेला नसतो. क्रूझही बिघडलेलं नसतं. आपण त्याला दिलेला आकडा आणि मागचं वजन यांचं जमत नसतं, एवढंच. पण काही वेळा खरंच बिघाड असतो, आणि तो क्रूझमध्ये नसून भलत्याच ठिकाणी असतो. दोन्ही बघू.

आत नेमकं काय चालतं

क्रूझला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त तुम्ही लावलेला वेग आणि चाकांचा खरा वेग यांतला फरक कळतो. समजा ताशी 62 मैलांवर लावलंय. चढ सुरू झाला, वेग 60 वर आला. क्रूझ थ्रॉटल उघडतं. वरच्या गिअरमध्ये, 1,900 आरपीएमला, इंजिनात तेवढा दम नसतो, म्हणून ट्रान्समिशन दोन-तीन गिअर खाली टाकतं आणि काटा 3,600 च्या पुढे जातो. आता गरजेपेक्षा जास्त ताकद मिळाली. वेग 63 झाला. क्रूझ थ्रॉटल सोडतं. ट्रान्समिशनला वाटतं चढ संपला, ते गिअर वर टाकतं. चढ काही संपलेला नसतो. वेग परत 60. हे चक्र मिनिटाला कितीही वेळा फिरू शकतं. दहा गिअरच्या नव्या ट्रान्समिशनमध्ये ते जास्त जाणवतं, कारण निवडायला गिअर जास्त.

या फेऱ्यांत टॉर्क कन्व्हर्टरचं, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून ट्रान्समिशनकडे पोचवणाऱ्या भागाचं, लॉक बहुतेकदा सुटतं. लॉक असताना इंजिन आणि ट्रान्समिशन एकास एक फिरतात, उष्णता फारशी तयार होत नाही. लॉक सुटलं की मधलं तेल घुसळलं जातं, आणि वाया गेलेली सगळी ताकद त्या तेलात उष्णता होऊन बसते. म्हणजे तापमान चढामुळे वाढतं त्याहून जास्त या गिअरच्या वर-खाली करण्यामुळे वाढतं.

आता थोडा हिशेब. ट्रक माणसं-सामानासकट 6,000 पौंड धरा, ट्रेलर 6,500. मिळून 12,500 पौंड, म्हणजे साडेपाच टनांच्या वर. एवढं वजन ताशी 55 मैलांनी 6 टक्क्यांच्या चढावर न्यायला, नुसतं वर उचलण्यासाठी, चाकांपाशी साधारण 110 अश्वशक्ती लागते. 65 मैलांनी न्यायचं तर 130. हा झाला फक्त चढ. ट्रॅव्हल ट्रेलरचं तोंड म्हणजे वाऱ्यापुढे उभी भिंत, आणि वाऱ्याशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 55 वरून 65 वर गेलात की तो भाग जवळपास 65 टक्क्यांनी फुगतो. दहा मैलांनी काय फरक पडतो म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडून बघावा.

शिवाय उंची. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. ग्रेपव्हाइनला हे फार जाणवत नाही, पण सॅक्रामेंटोहून आय-80 ने टाहोकडे जाताना डॉनर समिट 7,239 फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत पाचवा हिस्सा ताकद हवेत विरलेली असते.

आधी हे तपासा

सगळ्यात आधी डॅशबोर्डच्या स्क्रीनवर ट्रान्समिशनचं तापमान आणून ठेवा. बहुतेक नव्या ट्रकमध्ये ते मेनूत कुठेतरी लपलेलं असतं, आणि बरेच जण ट्रक विकेपर्यंत तिथे जातच नाहीत. 200 फॅरनहाइटच्या आसपास असेल तर सगळं ठीक. चढावर थोडा वेळ 220 झालं तरी घाबरायचं कारण नाही. 240 कडे जात असेल तर वेग कमी करा, नाही उतरलं तर सुरक्षित जागा बघून थांबा, न्यूट्रल किंवा पार्कमध्ये इंजिन चालू ठेवा म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहील. तुमच्या ट्रकच्या पुस्तकात वेगळे आकडे असतील तर ते खरे धरा.

दुसरं, टो-हॉल मोड, म्हणजे ट्रेलर ओढतानाची ट्रकची खास सेटिंग. “चालू आहे हो, सकाळीच लावला होता,” असं म्हणणाऱ्यांनी पुन्हा बघावं. बऱ्याच ट्रकमध्ये इंजिन बंद करून परत चालू केलं की हा मोड आपोआप निघून जातो. सकाळी घरून निघताना लावला, केटलमन सिटीला पेट्रोल भरलं, खाणंपिणं झालं, पुढे निघालो, आणि घाटाच्या पायथ्याशी मोड बंदच. वारंवार येणाऱ्या तक्रारींमागचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित कारण आहे. स्क्रीनवरचं त्याचं चिन्ह बघण्याची सवय लावून घ्या, बेल्ट लावण्याइतकी. टो-हॉल मोडमध्ये ट्रान्समिशन गिअर वर टाकायची घाई करत नाही, खालचा गिअर धरून ठेवतं, आणि उतारावर इंजिन ब्रेक वापरतं. वर सांगितलेलं चक्र बऱ्याच ट्रकमध्ये एवढ्यानेच थांबतं.

तिसरं, लावलेला वेग. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कमाल 55 मैलांची मर्यादा आहे. कोण पाळतं, असं म्हणाल. आय-5 वर पाळणारे कमीच दिसतात. पण ट्रेलरच्या टायरकडे बघा. त्यावर एसटी (खास ट्रेलरसाठीचा टायर) लिहिलेलं असेल आणि वेगाचं अक्षर नसेल, तर ते टायर परंपरेने 65 मैलांसाठी बनवलेले धरले जातात. एल असेल तर 75, एम असेल तर 81. म्हणजे 70 वर क्रूझ लावून तुम्ही कायद्याशी, टायरशी आणि वाऱ्याशी एकदम तीन ठिकाणी भांडण काढताय. सपाटीवर 55 वर लावून बघा. गिअरची नाचानाच बरीच तिथेच कमी होते, आणि पेट्रोलचा फरक टाकी भरताना दिसतो.

एवढं करूनही नाचतंच असेल तर वरचे गिअर बंद करा. गिअरच्या दांड्यावर किंवा स्टिअरिंगजवळ प्लस-मायनसची बटणं असतात, त्यांनी “याच्यावर जाऊ नकोस” अशी मर्यादा घालता येते. दहा गिअर असतील तर चढासाठी सहावा किंवा सातवा ही सुरुवातीला चांगली मर्यादा. काही ट्रकमध्ये मर्यादा घातली तरी क्रूझ चालू राहतं, काहींमध्ये पूर्ण मॅन्युअलला टाकलं की क्रूझ निघतं. सपाटीवर एकदा करून बघा, घाटात पहिल्यांदा करू नका.

इथे आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण येते. आपण गाडी शिकलो ती “लवकर टॉप टाका, पेट्रोल वाचतं” या शिकवणीवर. 3,800 आरपीएमचा आवाज आला की आपल्याला वाटतं इंजिन फुटणार. पेट्रोल इंजिनाला चढावर 3,500 ते 4,000 आरपीएमला स्थिर फिरणं अजिबात जड नाही. त्या फिरण्याने पाण्याचा पंप जास्त पाणी फिरवतो, तेलाचा पंप जास्त तेल. 1,800 आरपीएमला धापा टाकत चढणारं इंजिन उलट जास्त ताण सोसतं. एकच एक सूर लागलेलं इंजिन, मग तो कितीही वरचा असो, चांगलं. सूर बदलत राहणं वाईट.

आणि खरा घाट आला की क्रूझ काढून टाका. ग्रेपव्हाइनला दक्षिणेकडे जाताना पायथा साधारण 1,500 फुटांवर आहे, खिंड 4,100 फुटांच्या वर, आणि मधले पाचेक मैल 6 टक्क्यांचा चढ. उन्हाळ्यात पायथ्याशी पारा सहज 100 फॅरनहाइटच्या वर असतो. तुम्हाला चढ अर्धा मैल आधी दिसतो, क्रूझला वेग पडल्यावर कळतो. तुम्ही आधीच गिअर खाली टाकून, उजव्या लेनमध्ये जाऊन, 45-50 वर यायला तयार असता. क्रूझ तयार नसतं, त्याला 60 म्हणजे 60. पायाने चालवताना वेग पाच मैलांनी घसरू द्यायची जी मोकळीक आपण घेतो, तिच्यातच बरीच उष्णता वाचते. वर ट्रक रांगेत 35 ने चढत असतात, त्यांच्या मागे लागायला लाज कसली.

ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवायला एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेचं ‘J2807’ नावाचं मानक आहे, त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे. 100 फॅरनहाइट तापमान, एसी पूर्ण चालू, सुमारे साडेअकरा मैलांचा चढ. मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकने तिथे राखायचा किमान वेग किती? ताशी 40 मैल. कंपनी जाहिरातीत जी ओढण्याची क्षमता छापते, तिच्यामागे हा वेग आहे. 65 वर घाट चढवण्याचं वचन कुणी दिलेलंच नाही.

क्रूझ आपोआप बंद पडत असेल तर

ही वेगळी तक्रार आहे, आणि लोक दोन्ही एकत्र करतात. चढावर वेग लावलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली, साधारण 10 मैलांनी, गेला की अनेक ट्रकमध्ये क्रूझ स्वतःहून निघतं. तो बिघाड नव्हे. ट्रेलर डोलल्यावर स्थिरता राखणाऱ्या यंत्रणेने हस्तक्षेप केला तरी क्रूझ निघतं. तोही बिघाड नव्हे, उलट इशारा आहे.

पण सपाट रस्त्यावर, काहीही कारण नसताना निघत असेल, किंवा ट्रेलर जोडल्यावर लागतच नसेल, तर ट्रकमधून ट्रेलरच्या दिव्यांना आणि ब्रेकला वीज नेणारा सात पिनांचा प्लग काढा. मोकळ्या पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा, त्याच्या चाकांखाली अडणीचे ठोकळे लावा, आणि नुसता ट्रक घेऊन क्रूझ लागतं का बघा. लागलं, तर दोष ट्रेलरच्या वायरिंगमध्ये.

कारण असं, की क्रूझ ब्रेक लाइटच्या सर्किटवर लक्ष ठेवून असतं. तिथे वीज दिसली की त्याला वाटतं तुम्ही ब्रेक दाबला, आणि ते निघतं. प्लगमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडल्या की एका पिनेची वीज शेजारच्या पिनेत झिरपते. बाहेरून बसवलेल्या ब्रेक कंट्रोलरची (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या डब्याची) वायर ब्रेक स्विचच्या चुकीच्या बाजूला जोडली असेल तरी तेच. जुन्या काही ट्रकमध्ये ब्रेक लाइटचे दिवे बदलून एलईडी बसवले की क्रूझ लागत नाही, कारण तिथे जुन्या बल्बच्या तारेतून जमिनीकडे जाणारी वाट क्रूझला हवी असते.

हाताशी टेस्ट लाइट असेल तर ब्रेक न दाबता ब्रेकच्या पिनेवर लावून बघा. मंद जरी लागला तरी चोर सापडला. पिना हिरव्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक ब्रश आणि वर डायइलेक्ट्रिक ग्रीस. ट्रेलर वर्षातले दहा महिने अंगणात उभा राहतो आणि त्याचा प्लग हिचवर (ट्रकला जोडायच्या आकड्यावर) लोंबकळत पावसात भिजतो. प्लगचं तोंड खाली करून, झाकणात अडकवून ठेवलं तरी हा त्रास पुष्कळ कमी होतो. प्लग स्वच्छ असेल, ट्रेलर नसतानाही क्रूझ लागत नसेल, तर ब्रेक पेडलजवळचा स्विच बघायला सांगा.

ताशी 40 ते 60 मैलांच्या दरम्यान, स्थिर वेगात, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर तिचा क्रूझशी संबंध नाही. ती बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या क्लचची थरथर असते, आणि तिची सुरुवात ट्रान्समिशनचं तेल तपासण्यापासून करावी.

उतार

उत्तरेकडे परतताना तोच ग्रेपव्हाइन उतार होतो. खंबाटकी किंवा बोरघाटातला जुना ट्रक ड्रायव्हर सांगायचा ते इथेही लागू: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. टो-हॉल मोड चालू असताना अनेक नवे ट्रक क्रूझवर उतरताना आपणहून गिअर खाली टाकून वेग धरतात, आणि डिझेल ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असेल तर फारच छान धरतात. पण पेट्रोलचा हाफ-टन (मोठ्या पिकअपमधला सर्वात हलका वर्ग) ट्रक आणि मागे सहा-साडेसहा हजार पौंड, यात इंजिन ब्रेक पुरेलच असं नाही. म्हणून डोंगरमाथ्यावरच क्रूझ काढा, वेग 45-50 वर आणा, मग उतरायला लागा. वेग वाढला तर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. एकदा नीट दाबून पाच मैल कमी करा, सोडा, ब्रेकला वारा लागू द्या, पुन्हा वाढला की पुन्हा.

क्रूझ अजिबात लावायचं नाही अशा वेळा

पाऊस, बर्फ, ओला रस्ता. पाण्यावर चाक तरंगलं की पहिला इशारा पायाला मिळतो, आणि पाय तेव्हा अ‍ॅक्सिलरेटरवर नसतो. तशीच जोरदार आडवी हवा. आय-580 वर अल्टामाँट खिंडीत पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. वाहतूक दाटलेली असेल तेव्हाही नाही.

आडव्या वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून गेल्यावर ट्रेलर डोलायला लागला तर काय करायचं, हे आधीच हाताला माहीत हवं. घाबरून ब्रेक दाबला की क्रूझ निघतं खरं, पण ट्रक थबकतो, ट्रेलर मागून ढकलतो आणि डोलणं वाढतं. त्याऐवजी अंगठ्याने स्टिअरिंगवरचं कॅन्सल बटण, पाय पेडलपासून लांब, स्टिअरिंग सरळ, आणि उजव्या हाताने ब्रेक कंट्रोलरचा खटका हळूहळू सरकवायचा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. कॅन्सल बटण कुठे आहे ते न बघता सापडलं पाहिजे. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करा. घरच्यांनी हसलं तर हसू द्या.

सारखाच डोलत असेल तर क्रूझचा विचार सोडून वजन बघा. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये हिचवर पडणारं वजन एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. पाण्याची टाकी, सायकली, जनरेटर मागच्या टोकाला लादले की ते घसरतं. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर एकदा सगळं तोलून घ्या. आणि ते हिचवरचं वजन ट्रकच्या दाराच्या चौकटीवर छापलेल्या भारात धरायचं असतं, हे विसरू नका. मुलं, कुत्रा, कूलर, वर हे 700-800 पौंड.

पुढच्या गाडीप्रमाणे वेग कमी-जास्त करणारं अडॅप्टिव्ह क्रूझ असेल तर आधी पुस्तक उघडा. काही कंपन्या ट्रेलरसोबत ते वापरू नका म्हणतात, काही वापरू देतात. देत असतील तर अंतर सर्वात मोठं ठेवा. माझं मत विचाराल तर ट्रेलर मागे असताना साधं क्रूझ बरं. कुणी पुढे घुसला की अडॅप्टिव्ह क्रूझ जो ब्रेक मारतं, तो आपण मारला असता त्यापेक्षा उशिरा आणि जोरात असतो, आणि मागच्या साडेसहा हजार पौंडांना तो आवडत नाही.

या यंत्राचा जनक राल्फ टीटर लहानपणापासून अंध होता. कुणाशेजारी बसून जाताना बोलण्याच्या नादात ड्रायव्हर वेग कमी-जास्त करायचा, त्या धक्क्यांना वैतागून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. 1950 साली पेटंट मिळालं, 1958 च्या क्रायस्लर गाड्यांत ते आलं. प्रवाशाला धक्के बसू नयेत हा मूळ हेतू होता, आणि सपाटीवर ते आजही तेवढं इमानाने करतं.

गॅरेजला न्यायचंच झालं तर

वरचं सगळं करून झालं, वेग 55, मोड चालू, प्लग स्वच्छ, वजन बरोबर, आणि तरीही हलक्या चढावर गिअर नाचतोय किंवा तापमान 230 च्या पुढे जातंय, तर ट्रान्समिशनचं तेल आणि कूलर तपासायची वेळ आली. जाताना कागदावर लिहून न्या: कोणता चढ, लावलेला वेग, कितवा गिअर, आरपीएम कुठून कुठे, तापमान किती, बाहेर ऊन किती. शेजारी बसलेल्याने स्क्रीनचा व्हिडिओ काढला असेल तर उत्तम. आणि ट्रेलर जोडूनच जा. लावायला जागा नाही, म्हणून कुरकुर होईल. आधी फोन करून सांगा. ट्रेलरशिवाय टेस्ट ड्राइव्हला नेलेला ट्रक त्यांच्यासमोर शहाण्यासारखा वागतो, आणि कागदावर “तक्रार आढळली नाही” असं लिहून, तपासणीचे पैसे घेऊन ते चावी परत देतात.